जुनं बोटीचं मशीन कमी पैशात चालू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) फिटरचं काम करतो आणि करवीर तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात मंडळाची जी फायबरची बोट आहे तिचं मशीन गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात पडलंय. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला पूर बघितल्यावर आसपासच्या गावांतल्या पोरांनी पण कुठनं कुठनं जुनी मशीनं आणून ठेवलीत, आणि मे महिन्यात वळीव पडला की माझा फोन सुरू. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. इथं बोलतोय ते बोटीच्या मागच्या फळीवर लटकवायचं पेट्रोल टू-स्ट्रोक, १५ ते ४० एचपीवालं. डिझेलवाल्यांसाठी खाली एक प्रश्न आहे, तेवढ्यावर भागवा.

मशीन घासलंय, बोअर करायला किती पैसे लागतील?

बोअर म्हणजे पिस्टन फिरतो ती सिलिंडरची पोकळी, बोअर करायचं म्हणजे ती कापून थोडी मोठी करायची. आधी मला सांगा, घासलंय हे ठरवलं कुणी? समुद्रावरचं मशीन रोज चालतंय, ते घासणारच. आपलं मशीन वर्षातनं पुराचे आठ-दहा दिवस चालतंय आणि उरलेलं वर्ष वैरणीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतंय, ते घासणार कशानं? ते जाम होतंय, गंजतंय, कार्बोरेटर चिकटतोय, रबर कडक होतंय. घासलेल्या मशीनला हजारो रुपये लागतात, पडून खराब झालेल्याला बऱ्याचदा शेकड्यात काम होतंय, त्यामुळं हा फरक कळला की निम्मा खर्च तिथंच वाचला.

एका गावात मशीन गरम होतंय, पिचकारी (मशीन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार) येत नाही म्हणून बैठक बसली, वर्गणी काढून बोअर करायचं ठरलं पण होतं. मी गेलो, बघतोय तर पिचकारीच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, एकदम गच्च, वर बोटानं गुळगुळीत केल्यासारखं. सायकलचा आरा घातला, माती भुसभुशीत होऊन बाहेर पडली, त्यात एक वाळलेली अळी पण निघाली. मशीन बॅरलमध्ये लावलं आणि पिचकारी दोन हात लांब. वर्गणीचे पैसे परत दिले का ते मी विचारलं नाही.

मग खरंच घासलंय का ते ओळखायचं कसं?

कंप्रेशन गेज. सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं, प्लगच्या जागी बसवायचं घड्याळ, मोटरसायकलवाल्या मिस्त्र्याकडं असतंय, मागून आणा. सगळे प्लग काढायचे, प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करायच्या नाहीतर सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जायची भीती, किल स्विचची दोरी काढून ठेवायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा (हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग प्रेशर कमी आलं म्हणून रडतात) आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची, चार-पाच वेळा. दोन्ही सिलिंडरचं लिहून घ्या. जुन्या टू-स्ट्रोकला साधारण ९० ते १३० पीएसआयच्या मधे कुठंतरी येतंय, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १०-१५ टक्क्यांच्या आत असतील तर पिस्टनला हात लावू नका. एक ११५ आणि दुसरा ७० असेल तर मग विषय हार्ड आहे, पुढं वाचा.

एका सिलिंडरचं प्रेशर कमी आलंय, आता तरी बोअर करायचं ना?

थांबा की राव. रिंगा कार्बनमध्ये चिकटल्या असल्या तरी प्रेशर कमीच येतंय, आणि उभ्या राहिलेल्या मशीनला हे नेहमीचं दुखणं आहे. प्लगच्या भोकातनं कार्बन सोडवायचं लिक्विड ओता, ते नसलं तर थोडं डिझेल आणि थोडं गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ ऑईल मिसळून ओता, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी प्लग काढूनच दोरी ओढून सगळं बाहेर काढा (समोर तोंड धरू नका, शर्ट जातोय) आणि मग प्लग लावून बॅरलमध्ये चालवा. धूर एवढा निघेल की शेजारी विचारायला येतील. परत गेज लावा. बऱ्याचदा दहा-पंधरा पीएसआय वर येतंय.

नाही आलं तर हेड उघडायचं. तिथं डोळ्यानंच कळतंय, बोअरच्या भिंतीवर उभे ओरखडे नखाला लागतात का ते बघा. नख अडकलं तर बोअर. नख नुसतं सरकलं तर होन मारून (दगडानं भिंत हलकी घासून) नव्या रिंगांवर निभावतंय. हेडचं पॅकिंग फुटलेलं असेल तर दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर काळा रस्ता दिसतोय, मग तर काय, नुसतं पॅकिंग बदला. जुनं पॅकिंग परत वापरायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

दोरीच ओढली जात नाही, मशीन जाम आहे

हातोडा बाजूला ठेवा. आधी गिअर न्यूट्रलला आहे का बघा, हसू नका, असं झालंय. मग प्लग काढून वर सांगितलेलंच डिझेल-एटीएफ ओतायचं आणि दोन-चार दिवस विसरायचं, रोज थोडं थोडं वरनं घालायचं. नंतर फ्लायव्हीलच्या (वरच्या जड चाकाच्या) नटाला गोटी पाना लावून दोन्हीकडं हळूहळू हलवायचं, एक मिलिमीटर हललं की जिंकलं. फ्लायव्हीलवर ठोकलं तर आतली मॅग्नेट सुटतात आणि मग जाम पिस्टनपेक्षा महाग काम निघतंय.

पैसे थोडेच आहेत, आधी कशावर घालायचे?

पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरवर. कुठलंही जुनं मशीन घेतलं की पहिला इम्पेलर, नंतर बाकीचं. हे एक रबराचं फूल असतंय, मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायात बसतंय आणि नदीचं पाणी वर चढवून मशीन थंड ठेवतंय. वर्षभर एकाच जागी दबून राहिलं की त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. नवीन इम्पेलरच्या पैशात मंडळाचा एका रात्रीचा साऊंड पण येत नाही, आणि तो गेला तर पिस्टन, रिंगा, हेड सगळं एका फेरीत जातंय.

बदलायला खालचा पाय सोडायचा, चार-सहा बोल्ट आणि गिअरची सळई. नवीन बसवताना पाकळ्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि वरनं बघताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत फिरवत घर खाली बसवायचं म्हणजे पाकळ्या बरोबर दिशेला वाकतात. शाफ्टच्या आट्यांना बाजूनं ग्रीस लावा, टोकावर थापू नका, नाहीतर शाफ्ट पूर्ण वर जातच नाही आणि आपण बोल्ट आवळत बसतोय.

आणि पाण्याबाहेर चालू करू नका. 'दोन सेकंद फक्त आवाज ऐकतो' म्हणून मी स्वतः कोरडं चालू केलं होतं, नवीन इम्पेलर बसवलेला त्याच दिवशी संध्याकाळी, चार पोरं बघायला जमली होती म्हणून जरा शायनिंग मारली. दुसऱ्या दिवशी उघडला तर पाकळ्यांची टोकं जळून चकाकत होती. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, वरचं झाकण कापा, पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) काढून ठेवा, पाणी घेण्याच्या जाळीच्या बरंच वर पाणी भरा आणि त्यातच ट्रायल घ्या.

पिचकारी येतेय, तरी गरम होतंय

पिचकारी आली म्हणजे पंप चालतोय एवढंच. वरचं पाणी ब्लॉकमध्ये फिरतंय का ते वेगळं. थर्मोस्टॅट (मशीन तापल्यावर पाण्याला वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढा आणि चहाच्या जुन्या पातेल्यात पाणी तापवत त्यात दोऱ्यानं लोंबकळत ठेवा, बहुतेक टू-स्ट्रोक मशीनचा ५० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतोय. हाताला पाणी चांगलंच चटका देतंय आणि हा अजून मिटलेलाच, तर बदला. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, तसं केलं की मशीन थंडच चालतंय, प्लग काळे पडतात, पेट्रोल जास्त खातंय.

दुसरं कारण गाळ. पंचगंगेचं पुराचं पाणी म्हणजे पातळ चहा, तो गाळ हेडच्या पाण्याच्या वाटांत बसून वाळला की विटेसारखा होतोय. हेडवरचं पाण्याचं कव्हर काढून लाकडी काडीनं खरवडा आणि पाईप लावून धुवा. पूर ओसरल्यावर त्याच दिवशी बॅरलमध्ये स्वच्छ पाण्यात पंधरा मिनिटं चालवलं असतं तर ही वेळ आली नसती, पण त्या दिवशी सगळे घरातला चिखल काढत असतात, मला पण माहितीय.

चालू होतंय पण रेस दिली की बंद पडतंय

कार्बोरेटर. दहातल्या आठ वेळा कार्बोरेटर. आता पंपावर मिळतंय ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्याच उसातनं आलेलं म्हणून अभिमान ठीक आहे, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय, आणि पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतंय. टू-स्ट्रोकचं ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहतंय. म्हणजे तळातनं जे ओढलं जातंय त्यात ऑईलच नाही, आणि पिस्टनला मिळणारं वंगण तेवढंच असतंय. गेल्या वर्षीच्या पुरातलं उरलेलं पेट्रोल म्हणूनच वापरायचं नाही, ते पारदर्शक बाटलीत ओतून बघा, तळाला वेगळा थर दिसला की सगळं काढून टाका.

कार्बोरेटर उघडल्यावर जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) स्प्रेनं आणि हवेनं साफ करायचे, फार तर वायरमधला तांब्याचा एक धागा. टाचणी किंवा लोखंडी तार घातली की भोक मोठं होतंय आणि मग ते मशीन कधीच नीट लागत नाही. फ्लोटची सुई, पॅकिंग, टाकीपासनंचा जुना रबरी पाईप आणि दाबायचा रबरी गोळा एकदमच बदला, जुनं रबर या पेट्रोलला टिकत नाही, आतनं सोलून त्याचे कपचे जेटमध्ये येतात.

कार्बोरेटर साफ असून पण असंच होत असेल तर स्पार्क बघा. वायरी उंदरानं खाल्ल्यात का, अर्थचा बोल्ट गंजलाय का, एवढं बघून मगच कॉईलच्या नादाला लागा. एनजीकेच्या प्लगच्या नंबरात शेवटी १० असेल तर गॅप १ मिलिमीटर.

मोटरसायकलचं टू-टी ऑईल चालतंय का?

जुन्या यामाहा आरएक्स मोटरसायकलला घालतो तेच घालू का असं विचारतात. नका घालू. पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑईल लागतंय, त्यात राख होणारी रसायनं नसतात. गाडीच्या ऑईलनं रिंगा चिकटतात आणि आपण परत वरच्या तिसऱ्या प्रश्नावर येतो. प्रमाण बहुतेक मशीनला ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिली. नवीन पिस्टन किंवा रिंगा टाकल्या असतील तर पहिले दहा तास २५:१, म्हणजे दुप्पट ऑईल. 'जास्त घातलं तर चांगलंच' असं नाही, आणि अंदाजे झाकणानं तर अजिबात नाही, मेडिकलमधनं मापाची बाटली आणा.

धूर लई येतोय

आपल्याकडं जाळ अन् धूर संगटच. टू-स्ट्रोक आहे, सुरुवातीला निळसर धूर येणारच, दोन-तीन मिनिटांत कमी झाला की सोडून द्या. पांढरी वाफ सतत येत असेल आणि एक प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघत असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, हेडचं पॅकिंग बघा.

गिअर ऑईल दुधासारखं निघालं

पाणी शिरलंय. पंख्याच्या शाफ्टचं ऑईल सील गेलंय, नव्वद टक्के तेच. पंखा काढा, मागं नायलॉनचं जाळं नाहीतर कुंपणाची बारीक तार गुंडाळलेली सापडेल, पुरात बोट शेतांवरनं जाते तेव्हा हे होणारच. सील स्वस्त असतंय. बसवल्यावर खालच्या भोकातनं सायकलच्या पंपानं १० पीएसआयच्या आसपास हवा भरून साबणाचं पाणी लावून बघा. ऑईल भरताना खालच्या भोकातनं वर भरत यायचं, वरच्या भोकातनं बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वरनं ओतलं तर हवा अडकून निम्मंच भरतंय. स्क्रूचे वायसर नवीन घाला, दहा-वीस रुपयांसाठी परत पाणी आत घेऊ नका.

मालवणकडं सेकंडहँड मशीन स्वस्त मिळतंय, आणू का?

आणा, पण घाट उतरताना गेज आणि पाने सोबत न्या. खाऱ्या पाण्यातलं मशीन वरनं रंग मारून मस्त दिसतंय, आत पाण्याच्या वाटा मिठानं भरलेल्या असतात आणि बोल्ट ॲल्युमिनियममध्ये एकजीव झालेले असतात. मी काय करतो, थर्मोस्टॅटच्या कव्हरचा एक बोल्ट मालकासमोर सोडायला मागतो. सुटला तर पुढची बोलणी. नुसत्या पान्यानं पिळ खाऊन तुटायला आला तर चहा पिऊन परत. एक तुटलेला बोल्ट ड्रिल मारून काढायचा, आटे गेले की हेलीकॉईल (तारेचे नवे आटे), असे सहा बोल्ट म्हटलं की स्वस्तातलं मशीन महागात. आणलंच तर मशीन गंजू नये म्हणून खाली लावलेला जस्ताचा तुकडा बदलून मॅग्नेशियमचा लावा, जस्त गोड्या पाण्यात नीट काम करत नाही.

उद्यमनगरात सगळं होतंय की, मग बाहेर कशाला जायचं?

होतंय. बोअर, होन, लेथचं काम, आटे, वेल्डिंग, आपल्यासारखं आणि आपल्या दरात दुसरीकडं मिळायचं नाही, इथं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिनं बनवलीत. पण अडचण तिथंच आहे. मिस्त्रीच्या हाताला डिझेलच्या लायनरची सवय, आणि टू-स्ट्रोक वेगळं जनावर आहे, तीन गोष्टी आपण सांगायच्या.

पहिली, पिस्टन आधी आणायचा, मग बोअर करायचं. ओव्हरसाईज पिस्टन बहुतेक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरचे मिळतात, पण तुमच्या मशीनचा बाजारात कुठला शिल्लक आहे ते आधी बघा. ०.२५ ला बोअर करून बसलात आणि पिस्टन ०.५० चाच मिळाला तर परत मजुरी. हातात पिस्टन ठेवून मायक्रोमीटरनं मापून, मॅन्युअलमध्ये लिहिलेला गॅप सोडून बोअर मारायला सांगा. ॲल्युमिनियमचा पिस्टन गरम झाला की लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतोय, गॅप कमी पडला तर पहिल्याच फेरीत पकडतोय. दोनातला एकच सिलिंडर खराब असेल तर एकच बोअर केला तरी चालतंय, हे ऐकून लोकांना शंका येते, पण चालतंय.

दुसरी, पोर्टच्या कडा. टू-स्ट्रोकच्या बोअरच्या भिंतीत खिडक्या असतात, बोअर मारल्यावर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात, त्या बारीक कानशीनं किंवा दगडानं हलक्या मोडायला लागतात. मी पहिल्यांदा हे सांगायला विसरलो. मिस्त्रीचा काही दोष नव्हता, त्यानं आयुष्यभर बिनखिडकीचे लायनरच केलेत. मशीन सुंदर चालू झालं, रंकाळ्याच्या वाऱ्यासारखं वाटलं अगदी, आणि तिसऱ्या तासाला टक्‌ करून आवाज आला आणि प्रेशर गेलं. उघडलं तर वरची रिंग पोर्टमध्ये अडकून तीन तुकडे झालेले आणि पिस्टनच्या डोक्यावर कोंबडीनं टोचल्यासारखे खड्डे. सगळा खर्च पाण्यात, तो पण माझ्या खिशातला, कारण मंडळाला तोंड दाखवायचं होतं.

तिसरी, क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो दांडा. बऱ्याच जपानी टू-स्ट्रोकचा क्रँक तुकड्यांचा, दाबून जोडलेला आणि रोलर बेअरिंगवाला असतोय. तो डिझेलच्या क्रँकसारखा ग्राइंडिंगला टाकून बेअरिंग बदलायचा प्रकार नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढल्यावर खडखड लागत असेल तर दाबून उघडून परत सेंटरला आणणाराच माणूस पाहिजे. तसा नसेल तर अख्खा जुना क्रँक दुसऱ्या बाद मशीनमधनं मिळतोय का बघा.

डुप्लिकेट पार्ट चालतात का?

काही चालतात. पंख्याच्या पिना, पाईप, बेअरिंग, ऑईल सील हे मापावर दुकानात मिळतंय, सीलवर लिहिलेले तीन आकडे म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तेवढे घेऊन गेलं की काम होतंय. इम्पेलर, पिस्टन, रिंगा आणि हेडचं पॅकिंग मात्र चांगल्यातलंच.

पुरात मशीन पाण्यात बुडलं, आता?

ही वेळ घाईची आहे. गोड्या पाण्यात बुडलेलं मशीन पाण्यात असताना जेवढं खराब होत नाही तेवढं बाहेर काढून हवेत ठेवल्यावर होतंय. म्हणून लगेच उघडायला जमणार नसेल तर, विश्वास बसणार नाही, पण ते स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्येच बुडवून ठेवा आणि मिस्त्री आला की काढा. काढल्यावर प्लग काढून, भोकं खाली करून पाणी ओतून काढायचं, हळू फिरवून बघायचं, खरखर लागली तर आत वाळू आहे, दोरी ओढायची नाही, उघडायचंच. गुळगुळीत फिरत असेल तर कार्बोरेटर साफ, सिलिंडरमध्ये ऑईल, नवीन पेट्रोल आणि त्याच दिवशी अर्धा-पाऊण तास चालवायचं. चालू असताना बुडलं असेल तर रॉड वाकलेला असायची शक्यता असते, तिथं जबरदस्ती नको.

आमच्या बोटीला डिझेल इंजिन आहे

मग तुम्ही नशीबवान, या गावात तुमचे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. काळा धूर असेल तर नोजल टेस्टिंगला द्या, एअर फिल्टर बघा. थंडीत चालू व्हायला त्रास, पांढरा धूर आणि ऑईल खातंय असं तिन्ही असेल तर लायनर-पिस्टनचा सेट.

किती खर्च झाला की थांबायचं?

माझा हिशोब असा, तसंच मशीन चालू स्थितीत सेकंडहँड जेवढ्याला मिळतंय त्याच्या निम्म्यावर दुरुस्ती गेली की थांबायचं. ब्लॉकला पाण्याच्या बाजूनं भोक पडलं असेल तर त्याआधीच. तेव्हा ते मशीन पार्टसाठी ठेवा, स्टार्टर, कार्बोरेटर, खालचा पाय यांना गिऱ्हाईक असतंय. माणसं बसवून नेणारी बोट आहे, चढत्या पाण्यात मधेच बंद पडलं तर वल्हं मारून भागत नाही.

पूर नसताना ठेवायचं कसं?

उभं ठेवायचं, आडवं नाही. शेवटी चालवताना पेट्रोलचा पाईप काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवायचं, मग प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑईल घालून दोरी दोनदा ओढायची. गिअर ऑईल पावसाळ्यानंतर लगेच बदलायचं, आत राहिलेलं पाणी वर्षभर बेअरिंग खातंय. पिचकारीच्या भोकात कापडाची चिंधी, कुंभारीण परत येते. महिन्यातनं एकदा दोरी हळू ओढून ठेवायची, आमच्याकडं ते काम अमावास्येला ठरवलंय म्हणजे विसरत नाही. आणि ट्रायल मे महिन्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, आणि मग ताडपत्री काढणारी मंडळं दरवर्षी मला फोन करतात. ४३ ला धोका पातळी आहे, मधल्या चार फुटांत कार्बोरेटर साफ करून होत नाही.

काढलेले जुने पार्ट टाकून द्यायचे का?

जुना इम्पेलर बरा असेल तर डब्यात घालून बोटीतच ठेवा, सोबत दोन प्लग, पंख्याच्या पिना आणि पक्कड. बाकी भंगार. तो खड्डे पडलेला पिस्टन मात्र बोअरवाल्या मिस्त्रीनं माझ्याकडनं मागून घेतला. त्याच्या फळीवर आहे, आता कुणी टू-स्ट्रोकचा ब्लॉक घेऊन आलं की आधी तो हातात देतो आणि विचारतो, कडा मी मोडू की तुम्ही मोडणार.